हौदातली गणती

तपासनीस बाई साडेनऊला येणार होत्या, आणि आठ वाजता धाकट्या सुनेला तिन्ही कुंड्या रिकाम्या दिसल्या.

ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला आली होती. खांद्यावर ओली चादर तशीच राहिली. कुंड्या जागच्या जागी होत्या, पण मातीत नुसते तीन खड्डे. घुशीचं काम नव्हतं. घूस कुरतडते, माती उधळते. इथं कुणीतरी दोन्ही हातांनी बुंधा धरून, मुळं न तोडता, रोप सरळ वर ओढून काढलं होतं. काल संध्याकाळी पाणी घालताना सगळ्यांत उंच रोप तिच्या कानाला लागत होतं.

ती ओरडली नाही. या घरात सहा वर्षं कुणी ओरडलं नव्हतं. नवरा सैन्यातून परत आला तेव्हापासून तिनं दारांच्या चौकटींना नमद्याच्या मऊ लोकरी पट्ट्या चिकटवल्या होत्या, खुर्च्यांच्या पायांना कापडी टोप्या घातल्या होत्या, आणि भांड्यावर झाकण ठेवताना ती तान्ह्या बाळावर पांघरूण घालावं तसं ठेवायची. ताटली हातून निसटली तर तिचा आवाज संपायच्या आत तो टेबलाखाली असे. नंतर बाहेर येऊन स्वतःच हसे. पण त्या हसण्याला घाम फुटलेला असे.

कायदा बदलला तो गेल्या वर्षी. गांजाचं रोप म्हटलं की आजवर बेडीच आठवायची. आता डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर घरात तीन रोपं लावायची मुभा झाली होती. ज्यांना झोप नाही, ज्यांच्या अंगात लढाई अजून चालूच आहे, अशांसाठी. फुलं इस्पितळात नेऊन द्यायची, ते तेल काढून देणार. मध्ये दोन महिने इस्पितळानं आपल्याकडचं तेल दिलं होतं. त्या दोन महिन्यांत धाकटीनं नवऱ्याला घोरताना ऐकलं. सकाळी तिनं शेजारणीला ते अशा आनंदानं सांगितलं, की घोरण्यात एवढं काय आहे हे शेजारणीला कळेना. मग इस्पितळातलं तेल संपलं. घरी लावा, म्हणाले. रोपंही सरकारी रोपवाटिकेनंच दिली, कच्च्या कागदावर.

पक्का परवाना मिळायला दोन गोष्टी राहिल्या होत्या. घरात राहणाऱ्या सगळ्या मोठ्या माणसांच्या सह्या आणि रोपांची मोजणी. एक जरी रोप कमी भरलं तर ते विकलं असं धरणार, आणि मग परवाना कायमचा बंद.

तिनं चादर दोरीवर टाकली आणि नणंदेला फोन लावला.

"अक्का, रोपं गेली."

"कुठं गेली?"

"आता ती काय मला सांगून गेली?"

"येते," अक्का म्हणाली. "कशाला हात लावू नका. आणि दादाला कुठं जाऊ देऊ नका."

*

अक्का दोन गल्ल्या पलीकडे राहायची. तीस वर्षं तिनं कोर्टात टायपिस्टचं काम केलं होतं, त्यामुळे माणूस बोलायला लागला की त्यातलं कामाचं किती आणि फापटपसारा किती हे तिला तिसऱ्या वाक्याला कळायचं. नव्या कायद्याची बेचाळीस पानं तिनं तीनदा वाचली होती. ती पिशवीत घालूनच ती आली.

स्वयंपाकघरात सगळे जमले होते. धाकटा, तिचा नवरा, नेहमीच्या जागी, पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे. धाकटी ओट्याशी उभी. वडील, म्हणजे नाना, चहात पाव बुडवून खात होते. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसानं घरात काही बिघडलं तरी न्याहारी थांबवू नये असं त्यांचं मत होतं. आणि थोरला भाऊ, सगळ्यांचा दादा, नुकताच फिरून आलेला, वर्तमानपत्राची घडी काखेत.

"दादा, सकाळी कुठं होतास?" अक्का म्हणाली.

"फिरायला. रोज जातो. का?"

"पिशवी घेऊन?"

"अक्का, तू विचारतेयस की जबानी घेतेयस?"

"कागद आणला नाही म्हणून नुसतं विचारतेय."

दादानं सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तो तुरुंगातून वॉर्डर म्हणून निवृत्त झाला होता. एकतीस वर्षं माणसांच्या तोंडाकडे पाहून काय घडलंय हे ओळखणं हेच त्याचं काम होतं. तो खिडकीशी गेला, कुंड्या पाहिल्या, आणि परत येऊन बसला.

"बरं," तो म्हणाला. "म्हणजे मी."

"तसं कुणी म्हटलं नाही, भाऊजी," धाकटी म्हणाली. तिचा आवाज खाली होता, पण त्यात नमद्याची पट्टी नव्हती. "पण सही एकट्या तुमचीच राहिलीय. दीड महिना कागद कपाटावर आहे. नको होतं तर सरळ नको म्हणायचं."

"मी दीड महिना सरळ नकोच म्हणतोय."

"म्हणून उपटायची?"

"मी उपटली नाहीत."

"मग काय ती चालत गेली?" अक्का म्हणाली. "कुंपणाचं दार आतून बंद. घरात माणसं चार. यांनी दोघांनी उपटायचा प्रश्न नाही. नाना रुमाल उचलायला वाकले तर दोघांनी सरळ करावं लागतं. राहिला कोण?"

नाना पाव चावत होते. त्यांनी मान हलवली; कशाला ते कळलं नाही.

"दादानं नाही केलं," धाकटा म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. तो सकाळपासून पहिल्यांदाच बोलला होता.

"तू त्याची बाजू घेतोस?" अक्का म्हणाली. "रोपं तुझी गेलीत."

"बाजू नाही घेत. दादाला उपटायची असती तर त्यानं आधी नोटीस लावली असती. तारीख, वेळ, कलम. आणि कुंड्या धुऊन उलट्या ठेवल्या असत्या."

धाकटी हसली. नको असताना हसली, आणि मग ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. अक्कानं चष्मा काढून पुसला. भाऊ म्हणत होता ते खरं होतं. लहानपणी दादा अंडं फोडायचा ते सुद्धा रेषेवर.

*

दादाला राग आला नव्हता. राग आला असता तर सोपं गेलं असतं. धाकट्यानं बाजू घेतली हेच त्याला लागलं.

"सही का करत नाही ते सांगून टाक ना, दादा," धाकटा म्हणाला. "मी विचारलं नाही कधी. आज विचारतो."

दादानं वर्तमानपत्र टेबलावर ठेवलं, कडेला कड जुळवून.

"एक पोरगा होता," तो म्हणाला. "हातगाडीवर मोजे-रुमाल विकायचा. खिशात मूठभर सापडला. हाच पाला. तीन वर्षं. त्याची आई दर आठवड्याला धुतलेला सदरा घेऊन यायची. मी तो सदरा उलटा करून शिवणी तपासायचो, मग आत द्यायचो. तीन वर्षं, दर आठवड्याला. शेवटी तिचा सदरा बघून मला कळायचं की तिची तब्येत कशी आहे. बरी असली की इस्त्री असायची." त्यानं वर्तमानपत्राची कड पुन्हा जुळवली. "असे किती असतील? मी हिशेब ठेवला नाही, पण नावं आठवतात. रोज संध्याकाळी गणती व्हायची. मी ओळीपुढून चालायचो, डोकी मोजायचो आणि फाटकाकडे वळून ओरडायचो, गणती बरोबर. मग कुलपं पडायची. आता माझ्याच घराच्या अंगणात तीच रोपं, आणि मी खाली सही करू? काही हरकत नाही म्हणून? हरकत नव्हती तर मग त्या बाईचे सदरे मी का तपासत होतो?"

अक्कानं अशा कितीतरी शिक्षा टाइप केल्या होत्या, हे तिला आत्ता आठवलं, आणि ते तिला आवडलं नाही.

"तो भेटला तर काय सांगू?" दादा म्हणाला.

"चुकलं म्हणून सांग," धाकटा म्हणाला.

"एवढं सोपं?"

"सोपं कुठं म्हटलं? पण तुझे निदान जिवंत सुटले, दादा. सांगायला माणूस आहे."

धाकट्याच्या सैन्यातल्या सोबत्याचं नाव कुणाच्याही तोंडून या घरात निघत नसे. दोघं मिळून जमिनीत पुरलेले सुरुंग शोधायचे. एक गुडघ्यावर बसून माती चाचपणार, दुसरा मागे उभा. त्या दिवशी धाकट्यानं काही सांगितलंही नव्हतं, सोबत्यानं आपणहोऊन त्याला हात हलवायला जागा दिली. एक पाऊल मागे घेतलं, एवढंच. सुरुंग त्या पावलाखाली होता.

दादा खाली बघत होता, आणि खाली बघत असतानाच त्याला टेबलाखाली नानांचे पाय दिसले. पायजमा गुडघ्यापर्यंत ओला होता.

एकतीस वर्षं झडती घेतलेल्या माणसाला एवढं पुरतं. त्यानं हळूच वर पाहिलं. सदऱ्याची उजवी बाही कोपरापर्यंत ओली. पाव धरलेल्या बोटांची नखं हिरवी.

"नाना," तो म्हणाला, "जरा हात दाखवा."

"चहा पितोय," नाना म्हणाले.

"दुसरा दाखवा."

नानांनी दुसरा हात पुढं केला. तोही हिरवा होता.

"नाना," अक्का म्हणाली, "रोपं कुठं आहेत?"

"हौदात," नाना म्हणाले. आणि हे सगळ्यांना ठाऊकच असेल अशा आवाजात पुढं म्हणाले, "उंची भरली होती. आणखी ठेवली असती तर काडीचं लाकूड झालं असतं."

*

या घराचा धंदा दोर वळण्याचा, हे नानांइतकं कुणाच्या लक्षात नव्हतं. अंगणामागच्या पत्र्याच्या पडवीची लांबी सत्तर पावलं. एका टोकाला आकडे लावलेलं चाक. चाक फिरवणारा फिरवतो, वळणारा कमरेला वाखाची, म्हणजे सालीच्या धाग्यांची, जुडी बांधतो, एक टोक आकड्यात अडकवतो आणि वाख सोडत सोडत मागे चालत जातो. नानांच्या वडिलांनी मागे चालत अख्खं आयुष्य काढलं होतं. पुढे तोंड करून ते फक्त जेवायला बसत, असं नाना म्हणायचे.

तेव्हा दोर याच झाडाच्या, भांगेच्या काडीचा असे. शेतात उंच, दाट वाढवायची, मुळासकट उपटायची, हौदात धोंड्याखाली दाबून कुजवायची, की साल सुटून रेशमासारखा वाख हाती येतो. मग सरकारनं ते झाडच बंद केलं. नाना तिशीत होते. शिपाई येऊन उभं पीक जाळून गेले. तेव्हापासून नायलॉन.

"सरकारनं परवानगी दिली म्हणालात," नाना म्हणाले. ते आता हौदाच्या काठावर बसले होते आणि बाकीचे भोवती. पाण्यात तीन रोपं आडवी होती, वर तीन धोंडे. "मी म्हटलं, पन्नास वर्षांनी का होईना, अक्कल आली."

"औषधासाठी, नाना," अक्का म्हणाली. "तुम्ही कागदावर सही केलीत. वाचलं नाहीत?"

"सही करायलाच तीन मिनिटं लागली. वाचत बसलो असतो तर जेवण चुकलं असतं."

"फुलं यायची होती अजून," धाकटी म्हणाली.

"फूल आलं की वाख जाड होतो."

"फूलच हवं होतं हो, नाना."

नानांनी सुनेकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून मात्र त्यांचा चेहरा उतरला. ही पोरगी रडत नाही, हे त्यांना माहीत होतं.

"मला काय माहीत," ते म्हणाले. "मी याच्यासाठीच काढली." त्यांनी धाकट्याकडे बोट केलं. "हा दिवसभर चाक फिरवतो. वळायला उभा राहत नाही, मागे पाऊल पडत नाही म्हणून. आमच्या वेळी नवीन माणसाला शिकवताना त्याच्या पाठीमागे कमरेइतका उंच दोर बांधायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक हात मागे, त्या दोरावर. मग मागे बघावं लागत नाही, हाताला कळतं. तसा एक दोर करून देणार होतो."

"नायलॉनचा बांधायचा की," दादा म्हणाला.

"नायलॉन हातातून निसटतं. वाखाचा दोर हात धरतो."

धाकट्यानं वाकून एक धोंडा उचलला, बाजूला ठेवला. मग दुसरा. पाण्यातून पानं हळूहळू वर आली.

"मुळं शाबूत आहेत," तो म्हणाला.

"मग?" नाना म्हणाले, जरा दुखावून. "मूळ तोडून उपटायला मी काय शिकाऊ आहे?"

तेवढ्यात पुढच्या दाराशी स्कूटर थांबली. नऊ वाजायला दहा मिनिटं कमी होती.

"लवकर आल्या," अक्का म्हणाली.

"कुंड्यांत खोचू या," धाकटी म्हणाली.

"नाही," दादा म्हणाला. "ओल्या बुंध्यांची रोपं कुंडीत खोचलेली तिला कळणार नाहीत? एक गोष्ट लपवली की माणूस बाकीच्या दहा शोधतो. जसं आहे तसं दाखवायचं. मी बोलतो."

"तू?" अक्का म्हणाली.

"गणती आहे ना? मग मीच."

*

तपासनीस बाई तिशीच्या होत्या, पाठीवर पिशवी, हातात कोष्टकांची वही आणि पिवळ्या चिठ्ठ्यांची माळ. पहिल्या घरात कुणीच नव्हतं म्हणून लवकर आले, म्हणाल्या. दादा त्यांना पडवीतून हौदाशी घेऊन गेला, सरळ चालत, जणू पाहुण्या साहेबांना बराकी दाखवतोय.

"मोजा," तो म्हणाला. "एक. दोन. तीन."

बाईंनी हौदात पाहिलं. मग घरच्या माणसांकडे. मग परत हौदात.

"ही पोहतायत का?"

"आमच्या वडिलांनी आज पहाटे उपटली. दोर करायला."

"गळफासाला की काय?" बाई म्हणाल्या आणि लगेच ओशाळल्या. "माफ करा. सकाळपासून चहा झाला नाही."

धाकटी आत गेली.

"हे बघा, तीनच आहेत हे मला दिसतंय," बाई म्हणाल्या. "पण माझ्या रकान्यात दोनच शब्द आहेत. कुंडी किंवा जमीन. पाणी नाही."

"कलम नऊ," अक्का म्हणाली. पानं तिच्या हातातच होती. "'परवाना मागणाऱ्याच्या पत्त्यावर असलेली रोपे.' लावलेली असा शब्द नाही. उभी असाही नाही."

"आणि मी एकतीस वर्षं तुरुंगात गणती केली," दादा म्हणाला. "माणूस बराकीत उभा असो, नाहीतर दवाखान्यात आडवा पडलेला असो, भिंतीच्या आत असला की तो गणतीत. आडवा आहे म्हणून कुणाला पळून गेला असं मी कधी लिहिलं नाही. वहीत खाली शेरा असतो ना?"

"असतो."

"मग आजारी लिहा."

बाईंनी थोडा वेळ विचार केला. धाकट्याला त्यांच्या बोटांत फिरणारं पेन दिसत होतं आणि धाकटीचा आतून कप मांडतानाचा न होणारा आवाजही त्याला ऐकू येत होता. तो भिंतीला टेकून उभा होता. या क्षणाला त्याला परवाना नको होता, झोप हवी होती, आणि दोन्ही एकच होतं.

"संख्या तीन," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "स्थिती, पाण्यात. दोन आठवड्यांनी परत येईन. आजच लावा, उन्हात ठेवू नका."

"त्यातलं एखादं मेलं तर?" धाकट्यानं विचारलं.

"मेलेलं दाखवा. मेलेलंही मोजतो आम्ही."

"बरोबर," दादा म्हणाला. "आम्हीही मोजायचो."

त्यांनी हौदात हात घालून प्रत्येक बुंध्याला पिवळी चिठ्ठी बांधली. मग कागद पुढं केला. "सह्या?"

कागदावर एक जागा रिकामी होती. धाकटी चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

दादानं कागद हातात घेतला, पण लिहिलं नाही.

"एक विचारू?" तो म्हणाला. "यासाठी जे आत गेले, त्यांचं या कायद्यात काही आहे?"

"कलम सतरा," बाई आणि अक्का एकदमच म्हणाल्या.

"अर्ज केला तर नोंद पुसतात," बाईंनी सांगितलं. "नोकरीला, भाड्याच्या घराला, सगळीकडे ती नोंद आडवी येते ना. आणि कुणी अजून आत असेल तर सुटतो. पण अर्ज येतच नाहीत. बहुतेकांना माहीतच नसतं. आमच्याकडे त्यांचे पत्ते नाहीत."

"पत्ते माझ्याकडेही नाहीत," दादा म्हणाला. "पण नावं आहेत. गावं आहेत. कुणाची आई कुठून यायची ते आहे." तो अक्काकडे वळला. "तुझा टाइपरायटर चालतो का अजून?"

"दादा, आता घरोघरी कम्प्युटर असतात."

"चालतो का तेवढं सांग."

"चालतो. पण नमुना मी ठरवणार. तुझ्या हातात दिलं तर प्रत्येक अर्जाला नोटिशीसारखी सुरुवात करशील."

"कर तुझ्या मनासारखं," दादा म्हणाला. त्यानं खिशातलं स्वतःचं पेन काढलं आणि हौदाच्या काठावर कागद ठेवून सही केली. मग काही तरी राहून गेल्यासारखं अक्काकडे पाहिलं. "त्या सदऱ्यावाल्याचा पहिला."

धाकटीनं बाईंच्या हातात कप दिला, आणि दुसरा दादाच्या. "साखर दोन चमचे घातलीय, भाऊजी," ती म्हणाली. डॉक्टरांनी त्याला अर्धाच सांगितला होता, आणि सकाळी त्याच्यावर घेतलेल्या संशयाबद्दल तिला याहून जास्त काही म्हणायचं नव्हतं. त्यानं घोट घेतला.

"माफ," तो म्हणाला.

*

दुपारी धाकट्यानं रोपं परत लावली. सुरुंग शोधणाऱ्या हातांना मुळं मातीत बसवणं जमतं. घाई करायची नाही आणि बोटांवर विश्वास ठेवायचा. दोन रोपांनी संध्याकाळपर्यंत पानं उचलली. तिसऱ्याची मान लवलेलीच राहिली. पण मुळं ओली होती आणि धाकट्यानं आशा सोडली नव्हती.

नाना पडवीत खुर्चीवर बसले होते. रुसले होते, पण पुरतं रुसणं त्यांना जमत नव्हतं, कारण बाई जाता जाता सांगून गेल्या होत्या की फुलं मोजून घेतल्यावर उरलेल्या काड्यांचं काय करायचं यावर कायद्यात एक अक्षर नाही.

"तीन काड्यांत किती दोर होईल, नाना?" धाकट्यानं हात धूत विचारलं.

"वीतभर."

"पडवी सत्तर पावलांची आहे."

"मग दरवर्षी लाव," नाना म्हणाले. "मी काय कुठं जातोय?"

धाकटी चाकाशी बसली होती. उद्या सकाळी ट्रकवाल्याचे दोर द्यायचे होते आणि आज सगळा दिवस हौदात गेला होता. वळणारा गडी दुपारीच घरी गेलेला. नायलॉनची जुडी खुंटीवर होती.

धाकट्यानं ती काढली. कमरेला बांधली. टोक आकड्यात अडकवलं. धाकटीनं चाकावरचा हात तसाच ठेवला, काही विचारलं नाही.

तो चाकाकडे तोंड करून उभा राहिला आणि उभाच राहिला. पाठीमागे सत्तर पावलं जमीन होती. याच जमिनीवर तो रांगायला शिकला होता, तिथला प्रत्येक उंचवटा त्याला माहीत होता, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. कपाळावर घाम आला.

पडवीच्या दुसऱ्या टोकाला दादा नावांची यादी करत बसला होता. त्यानं वर पाहिलं. वही बंद केली आणि उठून चालत आला, पावलं वाजतील अशी, मुद्दाम जमिनीवर टाच टेकत. धाकट्याच्या पाठीपर्यंत आला, मग तसाच दहा-बारा पावलं मागे जाऊन थांबला.

"मी इथून आलोय," तो म्हणाला. "आख्खी वाट चालून आलोय. मधे मी सोडून काही नाही."

धाकट्यानं मान वळवली नाही.

"चाल," दादा म्हणाला. "मी मोजतो."

चाक हळू फिरायला लागलं. धाकट्याची टाच मागे गेली, हवेत थांबली, आणि टेकली.

"एक," दादा म्हणाला.

नायलॉन ताणलं गेलं, पीळ धरायला लागलं.

"दोन."

"सैल सुटतंय," नाना खुर्चीवरून म्हणाले. "मूठ आवळ."

"नाना, गणती चाललीय," दादा म्हणाला. "तीन."

चौथ्याला वेळ लागला. धाकटीनं चाक थांबवलं नाही, नुसतं मंद केलं. पाचवं आणि सहावं एकामागोमाग पडलं. सातव्याला धाकट्याचा पाय जमिनीवर आला. तो तिथंच उभा राहिला. समोर सात पावलांचा दोर होता, त्याच्या कमरेपासून आकड्यापर्यंत, आणि तो सरळ होता.

"बास," तो म्हणाला. "आज बास."

"किती झाली?" धाकटीनं विचारलं.

दादा पुढं आला आणि त्यानं भावाच्या पाठीवर हात ठेवला. मग फाटकाकडे वळायचा तसा चाकाकडे वळला. पण या घरात ओरडत नाहीत म्हणून हळूच म्हणाला,

"सात. गणती बरोबर."